पुलाच्या अलीकडे

वाऱ्याबद्दल मला जे काही कळतं ते मी दोनदा शिकले, आणि दोन्ही वेळा तोंडात भुसा घेऊन. पहिल्या वेळचा भुसा खरोखरचा होता, ज्वारीचा. दुसऱ्या वेळी घशात जे अडकलं त्याला अजून मला शब्द सापडलेला नाही. आता वय एकोणसत्तर. शब्द शोधायचाही कंटाळा येतो. तरी लिहून ठेवते, कारण घरात ही गोष्ट जो तो आपापल्या सोयीनं सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात मी फार शहाणी निघते. निदान तेवढी चूक तरी दुरुस्त व्हावी.

पहिला भुसा लग्नानंतरच्या पहिल्या सुगीतला. निमगाव केतकीच्या बाहेर, रानातच आमची वस्ती. मी वीस वर्षांची, अकरावी मॅट्रिक झालेली. सासरच्या घरात एवढं शिकलेली मीच, आणि ही गोष्ट मी दिवसातून तीन वेळा तरी कुणाच्या ना कुणाच्या कानावर घालत असे. मळणी उरकली होती, उफणणी चालू होती. उंच तिवईवर उभं राहायचं, डोक्याच्या वर पाटी धरायची आणि धान्य हळूहळू खाली सोडायचं. वारा भुसा घेऊन जातो, दाणे पायाशी पडतात. वारा पडला की पाटी तशीच धरून वाट बघायची. हात अवघडतात, ऊन डोक्यात जातं. मला ऊन सोसेना. पलीकडे कडब्याची गंज होती, घराएवढी उंच, आणि तिच्यामागे छान सावली. मी तिवई उचलली आणि सावलीत नेऊन ठेवली.

मामंजी म्हणाले, "गंजीमागं नगं."

मी त्यांना समजावून सांगितलं. वारा गंजीच्या वरून चाललाय, माझे हात गंजीच्या उंचीला पोचतात, म्हणजे भुसा वरच्या वर निघून जाईल. पुस्तकातली दोन-तीन वाक्यं पण घातली मध्ये. मामंजी बांधावर बसले आणि म्हणाले, "बरं. कर."

दोन पाट्या झाल्या. भुसा वर गेला, थोडा पुढे गेला, आणि मग माझ्या पाठीवर थाप मारावी तसा मागून आला. माझ्या केसांत, डोळ्यांत, तोंडात, आणि मुख्य म्हणजे सकाळपासून साफ करून ठेवलेल्या राशीवर. चार बायकांचं अर्ध्या दिवसाचं काम मातीत गेलं. मामंजी ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वारं गंजीवरनं उडी मारतंय. उडी मारली की पल्याड आपाटतंय, आन आपाटलं की माघारी फिरतंय. डोंगर असू दे न्हायतर गंज."

तिथं माझे थोरले दीरही होते. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. ते आपल्या बायकोला म्हणाले, "मास्तरीणबाईंला पानी द्या. वाचून वाचून दमल्यात."

मी तेव्हा मास्तरीण नव्हते. पुढे झाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं काढली, पण ते नाव मला त्या दिवशी भुशासकट मिळालं.

तात्यांनी ते बायकोला सांगितलं, मला नाही, याचं कारण आमच्या घरची रीत. थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नसत. त्यांचं काही माझ्याकडे असेल तर ते जाऊबाईंमार्फत येई, आणि माझं उत्तर म्हणजे डोक्यावरचा पदर हलला तर हलला. पुढे काळ बदलला, आम्ही बोलायला लागलो, मोबाईल आल्यावर तर फोनवरही. पण इतक्या वर्षांत मी तात्यांना कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. तो मान नव्हता. तोंडाला ती वाटच पडली नव्हती. शाळेत साहेबांशी भांडणारी मी, घरी तात्यांचा शब्द आला की 'व्हय' म्हणून मोकळी.

दुसरा भुसा नातीपायी. ती बारावी झाली आणि म्हणाली, मला विमान चालवायचंय. घरात आठवडाभर कुणी कुणाशी नीट बोललं नाही. शेवटी तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, हो म्हटलं, कारण शिकवणारी जागा लांब नव्हती. बारामतीला, एमआयडीसीच्या पलीकडे विमानतळ आहे, तिथं पोरं विमान शिकतात. तिच्या जेवणाचं बघायला कुणीतरी हवं होतं. हे आधीच गेलेले, माझी नोकरी संपलेली. मी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि पातेली घेऊन निघाले. तेव्हा मी साठीची, म्हणजे पोरवयच.

आणि पोरासारखीच वागले. नात पहाटे डबा घेऊन स्कूटीवर जायची. उजाडता उजाडता छोटी छोटी विमानं घरघर करत वर फिरायला लागायची. मी मंडईत भाजी घेताना वर बोट दाखवून म्हणायचे, "आमची आहे." आत कोण आहे हे मला कळायचं काही साधन नव्हतं. जे दिसेल ते आमचं. एकदा तर नात माझ्याशेजारी मेथीची पिशवी धरून उभी होती, तरी मी वरच्या विमानाला "आमची" म्हणाले. भाजीवाल्या मावशींनी नातीकडं पाहिलं, विमानाकडं पाहिलं आणि मला एक जुडी जास्त दिली. दया आली असावी.

संध्याकाळी ती पुस्तक घेऊन ओट्यापाशी बसायची. परीक्षेला डोंगरातल्या वाऱ्याचा धडा होता. बारामतीला डोंगर कुठला, सपाट माळ; तिला ते डोक्यात शिरेना. मी म्हटलं, थांब. पोळपाटावर पातेलं पालथं घातलं, एका बाजूला उदबत्ती लावली आणि टेबलफॅन अगदी हळू लांब ठेवला. धूर पातेल्याच्या अलीकडून वर चढला, माथ्यावरून गेला आणि पलीकडे कोसळून गोल गोल फिरायला लागला.

"हे पातेलं म्हणजे डोंगर," मी म्हटलं. "मी हे गंजीमागं खाल्लंय."

ती बघतच राहिली. मग तिनं पुस्तकातलं मला सांगायला सुरुवात केली, आणि मी शिकवणारी असून शिकत गेले. वारा डोंगरावर ज्या बाजूनं चढतो त्या बाजूला विमान आपोआप उचललं जातं. पलीकडच्या बाजूला असं खाली दाबलं जातं की इंजिनाचा सगळा जोर लावला तरी उतरतच राहतं. म्हणून दरीत शिरायचं तर मधोमध शिरायचं नाही. चढत्या वाऱ्याच्या बाजूला चिकटून जायचं, म्हणजे वळायची वेळ आली तर अख्खी दरी मोकळी मिळते. आणि जायचं सकाळीच, कारण ऊन तापलं की दरीतला वारा जागा होतो.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट सांगू?" ती म्हणाली. "माघारी कुठून फिरायचं ते निघायच्या आधी ठरवायचं. जमिनीवर असताना."

"तिथं पोचल्यावर का नाही?"

"तिथं पोचल्यावर आपण खोटं बोलतो, आजी. आपल्याशीच. अजून जरा पुढं बघू म्हणतो."

मी मान हलवली. अगदी समजल्यासारखी.

ती शिकली, तिला परवाना मिळाला, काही वर्षं कप्तानाच्या शेजारच्या खुर्चीत बसून काम केलं. मग उत्तरेत एका कंपनीत लागली. अठरा माणसांचं, दोन पंख्यांचं विमान. सकाळी सपाटीवरच्या शहरातून निघायचं आणि हिमालयातल्या एका गावात उतरायचं. तिथली धावपट्टी दरीच्या टोकाला. तिथं जायला आणि यायला एकच वाट. निघताना तिचा मेसेज यायचा, 'निघाले.' अर्ध्या-पाऊण तासानं, 'उतरले.' या दोन शब्दांच्या मधल्या वेळेत मी म्हातारी झाले. लोक म्हणतात, नातीचा अभिमान वाटत असेल. वाटतो. पण अभिमान आठवड्यातून एखादे वेळी वाटतो आणि मेसेजची वाट रोज बघावी लागते. सकाळी सात ते आठ माझ्याकडून दुसरं काही होत नसे. चहा गार व्हायचा. सून विचारायची, आत्या, साखर घातली का. मला आठवायचं नाही. दुपारी काही काम न करता अंग दुखायचं, जसं पाटी डोक्यावर धरून दुखतं.

तिची एकच अट होती. निघायच्या आधी घरून फोन करायचा नाही. कुणीच. "घरचं काही डोक्यात घेऊन मी आत बसत नाही," ती म्हणाली होती.

ती कप्तान झाली, म्हणजे डाव्या खुर्चीत बसायला लागली, त्याला दोन-तीन महिने झाले असतील. पावसाळा सरत आला होता. तात्या, जाऊबाई, निमगावची आणि बावड्याची आमची पाहुणेमंडळी असे वीसेक जण गाडी करून उत्तरेकडच्या देवांना गेले होते. तात्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, साखर, दम्याचा त्रास. मुलांनी नको म्हटलं. तात्या म्हणाले, "मग काय हितंच मरू काय, कडब्याशेजारी?" आणि गेले.

वर जाऊन दर्शन झालं. परत येताना दरड कोसळली, रस्ता बंद. जिथं अडकले ते नेमकं नातीच्या धावपट्टीचं गाव. तिथं एक लहान दवाखाना होता, त्यात तात्यांना नळी लावून बसवलं होतं. दोन दिवस विमानही आलं नव्हतं, वारा होता म्हणून. पहिल्या दिवशी तात्यांनी मला फोन केला तेव्हा मी नुसतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी नुसतं ऐकलं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्यांचा फोन आला.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले. दर दोन शब्दांनी थांबत होते. "हितं हवाच न्हाय. श्वास घेतला तरी आत काय जात न्हाय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"त्ये म्हनतंय खाली न्या. कशानं नेऊ? तुमची नात इमान घेऊन खाली बसलीया. तिला सांगा, तुजा तात्या हितं हाय. काय पाव्हनं आडकल्यालं न्हायती, तुजा तात्या हाय."

"वारा आहे म्हणते ती."

"वारं आमाला बी दिसतंय. दवाखान्याच्या दारात झेंडा हाय, पडलाय गप. सांगता का न्हाय?"

आणि मी म्हणाले, "व्हय. सांगते."

आता बघा, त्या बाईनं काय केलं ते. सदुसष्ट वर्षांची बाई, तीस वर्षं मुलांना अटी पाळायला शिकवलेली. तिनं फोन ठेवला, पाच मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या, आणि नातीला फोन लावला. पावणेसहाला. नातीनं उचलला तेव्हाच तिचा आवाज घाबरलेला होता, कारण त्या वेळेला घरचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही गं. तात्यांना फार त्रास होतोय. वर. तुझ्या गावात."

"माहितीय मला. बाबा बोलले. आज वारा कमी असला तर जाणार आहे, आजी. नाहीतर नाही."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. मी म्हणाले, "तात्या रडले गं फोनवर."

तात्या रडले नव्हते. तात्यांना रडताना मी कधी पाहिलेलं नाही, त्यांच्या आईच्या तेराव्यालाही नाही. ते वाक्य माझं. भाजीत मीठ कमी वाटलं की आपण न चाखता वर चिमूट टाकतो तसं मी टाकलं. ती म्हणाली, "बरं. ठेव आता."

सात वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला. 'निघाले.'

त्या दिवशी अंगणात डाळिंबाची प्रतवारी चालू होती. इंदापूरला क्रेट पाठवायचे होते. मोठी फळं एकीकडे, मधली एकीकडे, डागाळलेली तिसरीकडे. मी बसले. पावणेआठ झाले. आठ झाले. सून माझ्यासमोरचा क्रेट ओढून म्हणाली, "आत्या, तुमी सगळंच एकात टाकलंय." मी पाहिलं तर खरंच. मोठ्यात बारकी, चांगल्यात डागाची. तिनं परत निवडायला घेतली. सव्वाआठला मुलगा फवारणी अर्धी टाकून आला आणि हात न धुता दारात उभा राहिला. त्याला मी सकाळच्या फोनचं सांगितलेलं नव्हतं. त्यानं विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "न्हाय." शहरी बोलणं अशा वेळी गळून पडतं.

साडेआठला तात्यांचा फोन आला, माझा नाही, मुलाचा वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"मगाशी आवाज आला," तात्या म्हणाले. "इमानाचा. दरीतनं आला. आमी सगळी भाईर पळालो. आन मग कमी कमी हुत गेला. कुठं गेलं त्ये?"

मुलगा भिंतीला टेकून खाली बसला. त्या आवाजाचा अर्थ आम्हाला लागत नव्हता. कमी होत जाणारा आवाज म्हणजे लांब जाणारं विमान, किंवा दुसरं काही. मी डाळिंब हातात घेऊन बसून राहिले. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. घ्यायला तोंड नव्हतं.

नऊला पाच कमी असताना मेसेज आला. 'परत आलो. सगळे ठीक.'

मुलगा उठला आणि फवारणीला गेला. सून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी उरलेली डाळिंबं निवडली, नीट.

दुपारी तिनं मला फोन केला. फक्त मला.

"आजी, कुणी आहे का शेजारी?"

"नाही."

"दरीत एक लोखंडी पूल आहे. तिथवर जायचं आणि तिथं विमान जरासुद्धा दबायला लागलं तर फिरायचं, असं माझं ठरलेलं असतं. रोजचं. पुलापुढं दरी आवळत जाते. आज पुलावरच दबायला लागलं. शेजारचा म्हणाला, मॅम, पूल. मी म्हटलं, अजून जरा बघू."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढच्या वळणावर वारा वरून कोसळत होता. सगळा जोर लावला होता, नाक वर होतं, आणि आम्ही खाली चाललो होतो. मी चढत्या बाजूला चिकटून होते म्हणून वळायला जागा उरली. मधोमध असते तर उरली नसती." तिचा आवाज अगदी सपाट होता, जेवणात काय केलं ते सांगावं तसा. "आत नऊ माणसं होती, आजी. गावी चाललेली. एक बाई लेकराला घेऊन होती. त्यातलं कुणीच तात्या नव्हतं."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"तू फोन केलास ते चुकलं. पण पूल माझा होता. मी तो का ओलांडला माहितीये? त्या वेळी मला वारा खरंच कमी दिसला. डोळ्यांना. तात्या रडलेले आठवले आणि वारा कमी दिसायला लागला."

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं की तात्या रडले नव्हते. मी नाही सांगितलं. भित्री म्हातारी. आठवडा गेल्यावर सांगितलं, आणि तेव्हा ती हसली. ते हसणं मला शिवीपेक्षा लागलं.

तिनं आणखी एक केलं. संध्याकाळी आपल्या वरिष्ठांकडे जाऊन स्वतःच सांगितलं, आज मी ठरलेली जागा ओलांडली. कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी तिला डाव्या खुर्चीतून उठवून पुन्हा उजव्या खुर्चीत बसवलं, आणि डोंगर काही महिने बंद केला. सपाटीवरची विमानं, शेजारी दुसरा कप्तान. डावी खुर्ची परत मिळेल का, हे कुणी नक्की सांगत नव्हतं. सात-आठ वर्षांची मेहनत, बापानं त्यासाठी विकलेलं रान, सगळं त्या एका खुर्चीवर होतं.

तात्यांचं म्हणाल तर चौथ्या दिवशी दरड उपसली, जीपमधून खाली आले, आणि खाली आल्याबरोबर श्वास लागला. इथं पोचले तेव्हा ठणठणीत होते. आणि मग सुरू झालं. पारावर, दूध डेअरीवर, गुरुवारी देवळात दर्शनाला आलेल्या माणसांपुढे.

"आमची नात. इमान दारात आणलं आन माघारी न्हेलं. आमी आपलं हात हलवतोय."

"भ्याली आसंल, तात्या. बाईमानूस."

"बाईमानूस न्हाय. मास्तरणीची नात. पुस्तकातलं वारं बघून माघारी फिरली."

शाळेनं तिचा सत्कार ठरवला होता, गावातली पहिली मुलगी म्हणून. त्याचं कुणी नंतर नाव काढलं नाही. मुलाला ते फार लागलं. तो तात्यांच्या घरावरून जायचं टाळायला लागला, लांबच्या वाटेनं रानात जाई. मला वाटे, जावं आणि सांगावं. मग वाटे, थोरले दीर, वय झालेलं. सकाळी ठरवायचं आणि संध्याकाळी दमून सोडून द्यायचं. एवढी तोंडाळ म्हणून गाजलेली बाई, आणि सात महिने तिला शेजारच्या वस्तीवर जायचा धीर झाला नाही.

त्या सात महिन्यांत नात एकदा सुटीवर आली. सोफ्यावर पडून राहायची, छताकडे बघत. एक दिवस मला म्हणाली, "परत परीक्षा घेणारेत माझी. डोंगराची. देऊ का?"

आधीची मी असते तर दोन तास बोलले असते. जिद्द, मुलींनी मागं राहू नये, बापाचं रान. सगळं तयार होतं, शाळेतल्या पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखं.

"मला नको विचारू," मी म्हटलं. "माझ्या मताला वजन फार आहे. विमानात चालायचं नाही."

ती पहिल्यांदा खरं हसली. परीक्षा दिली तिनं. पास झाली. मला निकाल कळला तेव्हा आनंद झाला की नाही ते नक्की सांगता येत नाही. पुन्हा सात ते आठ सुरू होणार, एवढं मात्र लगेच समजलं.

डाव्या खुर्चीतला तिचा पहिला दिवस. 'निघाले' आला. दीड तासानं 'परत आलो' आला. दुपारी ती म्हणाली, "पुलावर दबत होतं. फिरले."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी."

मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि तात्यांकडे गेले. ते ओसरीवर खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. जाऊबाई शेंगा फोडत होत्या. मी पदर डोक्यावर घेतला, सवयीनं, आणि खाटेसमोर खाली बसले. तात्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं, जणू माझं म्हणणं अजूनही त्यांच्याच मार्फत येणार होतं.

"तुम्हालाच सांगायचंय, तात्या," मी म्हटलं. "त्या दिवशी मी तिला फोन केला. तुम्ही रडलात म्हणून सांगितलं."

रेडिओ बंद झाला.

"मी? रडलो?"

"मी सांगितलं तसं. त्यामुळं ती जायचं नव्हतं तिथवर गेली. तुम्ही आवाज ऐकलात ना, तो यायलाच नको होता. आत नऊ माणसं होती. सगळी मेली असती, ती पण. तुमच्यासाठी नाही, माझ्या त्या एका वाक्यासाठी. ती भ्याली नाही. भ्यायला उशीर झाला होता तिला, आणि तो मी केला."

जाऊबाईंचे हात थांबले होते.

"न्हाय म्हनायचं हुतंस मला," तात्या म्हणाले. पहिल्यांदा मला अगं-तुगं केलं असेल त्यांनी.

"तुम्हाला कधी म्हटलंय?"

"त्ये बी खरं." त्यांनी गुडघे चोळले. "आता काय करती पोरगी?"

"आज पुन्हा कप्तान म्हणून गेली होती. माघारी फिरली."

"आज बी?"

"आज बी."

"किती मान्सं हुती आत?"

"चौदा."

तात्यांनी मान हलवली. "चौदा जन खाली बसून तिला शिव्या घालत आसतील."

"घालू देत," मी म्हटलं. "शिव्या घालायला खाली पोचली तरी न्हवं?"

तात्या जाऊबाईंकडं वळले. "चा ठेवा," म्हणाले. "हिला साखर जरा जास्तच टाका. चालून दमलीया."